कवटीच्या बाटलीतला सोडा

प्रिय ताई,

हे पत्र मी तुझ्या घरी न पाठवता तू कामाला जातेस त्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवणार आहे. दुकानाच्या बाईंना तसं सांगून ठेवलंय. "माझ्या कोटाच्या काजांबद्दल थोडं लिहिणार आहे, तिच्याच हातात द्या," असं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "काजांबद्दल पत्र? कोट घालायचाय की खटला भरायचाय?" मी हसले आणि फोन ठेवला. तुला फोन करावा, तर तो भावजी उचलतात, मग तुझ्या हातात देतात आणि स्पीकर लावून शेजारी बसतात. गेली दोन वर्षं आपण दोघी फोनवर फक्त हवेबद्दल बोलतोय. तुमच्याकडे ऊन किती आणि आमच्याकडे वारा किती, हे आता भावजींनाही पाठ झालं असेल.

आधी माझी खबरबात. वकीलबाईंच्या ऑफिसात मला आठ महिने झाले. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि भिंतीला टेकवलेल्या फायलींचे गठ्ठे. कपाटाचं दार मिटून राहावं म्हणून त्यात कागदाची घडी कोंबावी लागते, आणि ती कोंबणं हे माझं पहिलं अधिकृत काम होतं. वकीलबाई बोलायला कडक आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "घरी कोण वकील?" मी म्हटलं, "कुणी नाही. आमच्या घरात पदवी घेणारी मीच पहिली." तेव्हापासून त्या मला नावानं हाक मारत नाहीत, पदवीधर म्हणतात. "पदवीधर, तारीख बघून ये." "पदवीधर, चहात साखर विसरलीस." बाबांना हे सांगितलं तर त्यांना त्यातली थट्टा कळलीच नाही. लाँड्रीत बॉयलरपाशी उभे राहून त्यांनी सगळ्यांना सांगितलं म्हणे, की कोर्टात पोरीला पदवीधर म्हणूनच ओळखतात. मी घरी गेले की माझ्या कोटाला इस्त्री तेच करतात. आईचे इस्त्रीच्या टेबलावर पंचवीस वर्षं हात भाजले आहेत, पण या कोटाला ते तिला हात लावू देत नाहीत. आई म्हणते, "करा, करा, बॉयलरवाल्यानं इस्त्री केलेला कोट बघून न्यायाधीशांना घाम फुटेल."

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक खटला होता. एका घड्याळाच्या दुकानातला काढून टाकलेला कामगार. त्यानं कपाटाची दुसरी किल्ली आधीच करून ठेवली होती. दुपारी मालक जेवायला गेला तेव्हा हा मागच्या दारानं शिरला, कपाट उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. मालकानं रंग द्यायला म्हणून आदल्या दिवशी कपाट रिकामं केलं होतं. रंग ओला होता. हा बाहेर पडला तो दहाही बोटं करडी घेऊन, आणि गल्लीच्या तोंडाशीच धरला गेला. तो आमच्या ऑफिसात माझ्यासमोर बसून म्हणाला, "बाई, चोरायला काही होतंच कुठे? रिकाम्या कपाटात चोरी होते का?" ताई, मला ते एकदम पटलं. मी चार पानी मुद्दे लिहिले. जे घडणं शक्यच नव्हतं त्याची शिक्षा माणसाला कशी द्यायची, असं शेवटी ठळक अक्षरात लिहिलं आणि वकीलबाईंपुढे ठेवलं.

त्यांनी ते वाचलं, बाजूला ठेवलं आणि मला पायऱ्या मोजून दाखवल्या. मनात येणं ही पहिली पायरी. मनात आलं म्हणून कायदा कुणाला धरत नाही, नाहीतर तुरुंग बांधायला जमीन पुरली नसती. तयारी ही दुसरी. शिडी आणून परसात ठेवली, एवढ्यानं सहसा कुणी गुन्हेगार होत नाही. पण शिडी दुसऱ्याच्या भिंतीला लावून माणूस चढायला लागला, की तो प्रयत्न. तिथून पुढे त्याच्या हाती काही लागलं की नाही, हा प्रश्न शिक्षेचा. गुन्हा तोवर होऊन गेलेला असतो. मी विचारलं, "आणि कपाट रिकामं असलं तर?" त्या म्हणाल्या, "कपाटात काय होतं ते मालकाला माहीत. ह्याला माहीत नव्हतं. ह्याच्या डोक्यात कपाट भरलेलं होतं, आणि ह्यानं किल्ली फिरवली. पदवीधर, कायदा कपाट बघत नाही, हात बघतो." मी पुन्हा विचारलं, की किल्ली खिशात ठेवून तो दारातूनच परत फिरला असता तर? "तर आत्ता घरी जेवत बसला असता," त्या म्हणाल्या, "आणि आपल्याला एक अशील कमी असतं." निकाल लागला. त्याला प्रयत्नाबद्दलच शिक्षा झाली. मला वाईट वाटलं, पण चूक कुठे आहे ते सापडलं नाही. आजही सापडत नाही.

पायऱ्यांचं ते ऐकत असतानाच मला तो रविवार आठवला. आपण त्याबद्दल कधी बोललो नाही, म्हणून मी तो इथे लिहिते. काही चुकलं असेल तर तू दुरुस्त कर.

दोन वर्षांपूर्वी, माझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या आधी मी घरी होते. शुक्रवारी तू उभ्या उभ्या येऊन गेलीस. रविवारी दुपारी पुन्हा आलीस, एकटी, न कळवता. स्वयंपाकघरात स्टुलावर बसलीस आणि आईला विचारलंस, "आई, त्या कवटीचं चित्र असलेल्या बाटलीत काय असतं गं?" आई चादरींच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "सोडा. दुसरं काय असणार? बाहेर ठेवला की तुझे बाबा पोटात जळजळतंय म्हणून मूठमूठ फाकतात. कवटी बघून हात लावत नाहीत. माणसाला औषधापेक्षा विषाचा धाक जास्त." तू हसायला लागलीस. इतकी हसलीस की आईलाही हसू आलं, का ते न कळता. मग तू सांगितलंस, की भावजींनी सकाळी कॉफी घेतली, दोन मोठे ढेकर दिले आणि म्हणाले, आज कितीतरी दिवसांनी पोट हलकं वाटतंय, दर रविवारी अशीच करत जा. आई म्हणाली, "बघ, कसा गुणी जावई मिळाला. कशाला म्हणून नाव ठेवत नाही." त्यावर तू ओंजळीत तोंड लपवलंस. आई पाणी आणायला वळली, तेव्हा तू पिशवीतून ती बाटली काढलीस आणि फळीवर जागच्या जागी ठेवलीस. तुझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली होती. मी चार हातांवर पुस्तक उघडून बसले होते. विषय होता पुरावा. मी सगळं बघितलं, मला सगळं कळलं, आणि मी पान उलटलं.

आपल्या घरात कुठल्याच डब्यात वर लिहिलेली वस्तू नसते, हे जगात फक्त आपल्या चौघांना माहीत होतं, आणि लग्न होऊन सहा वर्षं झाल्यावर तू ते विसरली होतीस. बिस्किटांच्या डब्यात सुया, जामच्या बरणीत नीळ, खोकल्याच्या बाटलीत मशीनचं तेल. परक्या घरच्या बाईनं कवटी बघून विश्वास ठेवला असता तर ठीक. तू ठेवलास. त्यावरून तू किती थकली असशील, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला.

बोटांबद्दल तू मला एकदाच बोलली होतीस, मी होस्टेलला निघाले होते तेव्हा. म्हणालीस, "ह्यांना माझी बोटं आवडत नाहीत." मला वाटलं, चेष्टा करतेयस. भावजींच्या चष्म्याच्या दुकानात मी कितीदा बसले आहे. तिळाएवढा स्क्रू ते चिमट्यानं उचलतात, वाकडी फ्रेम दोन बोटांत धरून हळूहळू सरळ करतात, आणि म्हाताऱ्यांना चष्मा स्वतः कानांवर चढवून देतात. आवाज कधी चढत नाही. सगळी गल्ली म्हणते, हात असावा तर असा. तो हात रागावला की काय करतो, हे मला पुरतं कळलं ते तुझ्याकडून नाही, माझ्या कोटाकडून. तू शिवून पाठवलास तो कोट. वरची दोन काजं तुझी आहेत, टाक्याला टाका लागून बसलेला. तिसरं ओढलेलं आहे, आणि चौथं तर नवशिक्या मुलीनं केल्यासारखं. तुझ्या हातून वाकडं काज आजवर कुणी बघितलेलं नाही. मी तो कोट घालून पहिल्यांदा कोर्टात उभी राहिले तेव्हा सगळा वेळ त्या चौथ्या काजावर बोट ठेवून होते. तुला फोनवर सांगितलं, की कोट छान बसला, आणि आमच्याकडे आज ढग आहेत.

तर मग मी काय करायचं होतं? तुला माहीत आहे, मी या कामाला का आले. मला अजूनही मनापासून वाटतं, की माणसं सगळीकडे तोंड बघून वागतात, पण निदान एक जागा अशी हवी जिथे सगळ्यांना एकच प्रश्न विचारला जाईल. तू हसशील. वकीलबाईही हसतात. पण असं वाटणाऱ्या माणसाला आपल्या बहिणीपुरता तो प्रश्न बदलून घेता येत नाही. म्हणून मी तुझ्याबद्दल तो स्वतःला विचारला. उत्तर असं आलं, की तो सोडा होता हे तुझ्या बाजूनं फारसं काही सांगत नाही. तुझ्या डोक्यात ते विष होतं, आणि तू ते कॉफीत घालून कप पुढे केलास. तू शिडीवर होतीस, ताई. हे तुला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं, आणि ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

मग मी तोच प्रश्न भावजींबद्दलही विचारला. तिथे पायऱ्या मोजाव्याच लागल्या नाहीत. बोट वाकवलं, बोट मोडलं. तिथे प्रयत्न हा शब्दच येत नाही, सगळं पुरतं होऊन गेलेलं असतं. तुझा एक प्रयत्न, आणि तोही सोड्याचा. त्यांचे पूर्ण झालेले किती, ते मला माहीत नाही, कारण साक्षीदार नाही. एक साक्षीदार होती, ती पान उलटत होती.

शेवटी मी वकीलबाईंना विचारलं. म्हटलं, समजा, एक बाई आहे. असं असं झालं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "ही बाई ओळखीची आहे का?" मी म्हटलं, "नाही, परीक्षेतला प्रश्न होता." वकील म्हणून मी बोललेलं हे पहिलं खोटं, आणि ते मी वकिलाशीच बोलले. त्यांनी चष्मा घातला. "परीक्षेतल्या त्या बाईला म्हणावं, झाल्या गोष्टीची तिच्याविरुद्ध कुणी तक्रार केलेली नाही, आणि ज्यानं करायची तो ढेकर देऊन मोकळा झाला. ते सोड. तिला म्हणावं, डॉक्टरकडे जा, बोटांचे फोटो काढून घे, कागद हातात ठेव. त्या घरातून आधी बाहेर पड, मग माझ्याकडे ये. त्यानं तिच्या जवळ फिरकू नये असा कोर्टाचा हुकूम कसा मिळवायचा ते मी बघते." मी वहीत लिहून घेत होते. त्या म्हणाल्या, "परीक्षा तर होऊन गेली, पदवीधर. आता कसलं उतरवून घेतेस?" मी वही मिटली. त्यानंतर त्यांनी पुन्हा विषय काढला नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर हाडांच्या डॉक्टरांचं एक कार्ड होतं.

घरची बातमी राहिली. मागच्या सुट्टीत मी चार दिवस घरी गेले होते. एका सकाळी बाबांनी चहात साखर म्हणून स्टार्च घातला आणि कप उलटा केला तरी चहा खाली पडेना. आई हसून हसून बेजार झाली. मी मात्र नको तेवढं मनावर घेतलं. म्हटलं, एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल. फळीवरचं सगळं खाली काढलं, प्रत्येक बरणी उघडून बघितली. उंदराचं औषध कुठे सापडलं, सांगू? दूध पावडरच्या डब्यात. मी आईवर ओरडलेच. "अगं, मला माहीत असतं ना कुठे काय ते," ती म्हणाली. पण मी ऐकलं नाही. सोडा काचेच्या बरणीत भरला, औषध कवटीच्या बाटलीत घातलं, बरोब्बर. बारा पाट्या लिहिल्या, मोठ्या अक्षरात, आईला लावून लावून वाचता येतील अशा. आई म्हणाली, "आता माझ्याच घरात मी पाट्या वाचून स्वयंपाक करू?" बाबा दोन दिवस फळीसमोर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला माझं अक्षर दाखवत होते. मला फार बरं वाटलं होतं. आपल्या घरात पहिल्यांदाच जे लिहिलंय तेच आत आहे, असं वाटलं होतं.

इथवर मी गेले आठ दिवस थोडं थोडं लिहीत होते. बराचसा भाग दोनदा फाडला. मला तुला फक्त कार्डाबद्दल आणि हुकुमाबद्दल कळवायचं होतं, आणि दोन वर्षांपूर्वी गप्प राहिल्याबद्दल माफी मागायची होती. पुढचं आज लिहिते आहे. अक्षर हललंय, कारण सुरुवात बसमध्ये केली.

काल आईचा फोन आला. मंगळवारी तू येऊन गेलीस, पाट्या बघून हसलीस, एकेक मोठ्यानं वाचलीस, असं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "अगं, ती तुझी कवटीवाली बाटली दिसत नाही. तू नेलीस का गं?" मी म्हटलं, हो, मीच आणली. हे माझं दुसरं खोटं. ताई, मागच्या वेळी तू आईच्या बाटलीवर विश्वास ठेवलास. या वेळी माझ्या पाटीवर ठेवला आहेस, आणि मी खोटी पाटी लावत नाही हे तुला पक्कं माहीत आहे. सकाळी मी तुमच्या घरी फोन केला. भावजींनी उचलला आणि ठणठणीत आवाजात विचारलं, की आमच्याकडे हवा कशी आहे. त्यांचा आवाज ऐकून मला इतकं हायसं कधी वाटलं नव्हतं. आज गुरुवार. दर गुरुवारसारखे ते दुकानासाठी चष्म्याच्या काचा आणायला गेले असतील आणि संध्याकाळपर्यंत येणार नाहीत. म्हणून पत्र टपालात टाकलं नाही. ते बाईंच्या हातात देऊन मी दुकानासमोर, चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसणार आहे. आत आले असते, पण समोरासमोर बसलो की आपण पुन्हा हवेबद्दल बोलू. बाटली तुझ्या पिशवीत असेल तर ती घेऊन बाहेर ये. घरी लपवलेली असेल तर आपण दोघी मिळून जाऊ. ती मला दे, तुझे कागद आणि दोन साड्या घे, आणि दोनच्या बसनं माझ्या खोलीवर चल. घरमालकीणबाईंना मी सांगितलंय, बहीण येणार आहे, राहायला. उद्या डॉक्टर, परवा वकीलबाई. तक्रार करायची की नाही, ते तू ठरव, मी एका शब्दानं भरीला पाडणार नाही. आत्ता तू फक्त तयारीत आहेस. तिथून परत फिरणाऱ्याला कायदा काही विचारत नाही. मीही विचारणार नाही.

तुझीच,
रस्त्यापलीकडे बसलेली
धाकटी